धसका आणि ऑक्टोपसचे मडके

‘बातमी ऐकली आणि तिने असा धसका घेतला की अंथरूणच धरले.’ ‘छातीत धस्स झाले.’ ‘माझ्या काळजाचे पाणी पाणी झाले.’ अशी वाक्ये आपण रोज ऐकतो आणि बोलतोही. भीती, दुःख आणि धक्का यांचे घर आपल्या भाषेने डोक्यात न ठेवता छातीत ठेवले आहे. पुढे शाळेत शरीरशास्त्र शिकू लागलो की गुरुजी सांगतात, हृदय म्हणजे रक्त ढकलणारा एक स्नायूचा पंप. त्याला दुःख कळत नाही की आनंद कळत नाही. ते खरेच आहे. पण मग धसका घेतल्यावर छातीत जे होते ते काय असते? नुसती बोलण्याची रीत?

मुलांनो, या प्रश्नाचे उत्तर देणारा एक आजार आज आपण समजून घेणार आहोत. त्याचे नाव जपानी आहे आणि ते एका मडक्यावरून पडले आहे. या आजारात हृदयाचा स्नायू काही दिवसांपुरता खरोखर लुळा पडतो आणि पुन्हा आपला आपण कामाला लागतो. कारणे अनेक असतात. आपण मात्र मुद्दाम एक आडवळणाचे कारण घेऊ या : पायाच्या फुगलेल्या शिरांवर केलेला एक साधा उपचार. या उपचारानंतर हा आजार झाल्याची थोडी उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. पायाला टोचलेली सुई आणि छातीतले हृदय यांचा संबंध कसा लागतो, हे शोधताना शरीराचा बराच भाग आपल्याला पाहून होईल.

सुरुवात पायापासून

हृदयाकडून निघालेले रक्त रोहिण्यांतून पायापर्यंत जोराने येते. परत जाताना ते नीलांतून, म्हणजे आपण ज्यांना शिरा म्हणतो त्यांतून, जाते. येताना उतार आणि मागून हृदयाचा रेटा. जाताना मात्र चढण, आणि रेटा जवळजवळ संपलेला. मग रक्त वर चढते कसे?

ही चढण केवढी असते ते आपण गणिताने काढू. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंतची उंची सुमारे १२० सेंटिमीटर, म्हणजे १२०० मिलिमीटर धरा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे आणि रक्त पाण्याच्या सुमारे १.०६ पट. म्हणून १२०० ला १.०६ ने गुणून १३.६ ने भागा. उत्तर येईल ९३ ते ९४. याचा अर्थ, स्तब्ध उभे राहिले की घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ९० मिलिमीटरहून अधिक दाब असतो. हाताला पट्टा बांधून डॉक्टर रक्तदाब मोजतात तेव्हा निरोगी माणसाचा खालचा आकडा ८० च्या आसपास येतो. शिरेसारख्या पातळ भिंतीच्या नळीवर त्याहूनही जास्त भार पडतो आहे, हे लक्षात घ्या.

निसर्गाने यावर दोन उपाय केले आहेत. एक पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात तेव्हा त्यांच्यामध्ये असलेल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणतात ते यामुळेच. दुसरा उपाय झडपांचा. शिरांच्या आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. रक्त वर जाताना त्या उघडतात आणि खाली येऊ लागले की मिटतात. माणूस चालू लागला की घोट्याजवळचा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास उतरतो तो या दोघांच्या जोडीमुळे.

या झडपा इटलीतील पादुआ विद्यापीठातील फाब्रिसियस या शिक्षकाने १६०३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात चित्रांसह दाखवल्या. गंमत अशी की त्यांचा उपयोग मात्र त्याला नीट उमगला नाही. हातापायांत रक्त एकदम जमू नये म्हणून ते अडवणारे हे बांध असावेत, असे तो समजला. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये दाखवून दिले की झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडेच जाऊ देतात. रक्त शरीरात गोल फिरते, या त्याच्या सिद्धांताचा हा एक मुख्य आधार ठरला.

हार्वेने केलेला प्रयोग तुम्हांला वर्गातही करता येईल. ज्याच्या हाताच्या शिरा ठळक दिसतात असा एखादा मित्र निवडा. त्याला मिनिटभर हात खाली लोंबता ठेवायला सांगा, म्हणजे शिरा भरून वर येतील. काही ठिकाणी शिरेवर बारीक गाठीसारखा फुगवटा दिसेल. तेथे झडप आहे. आता मनगटाकडच्या बाजूला शिरेवर एका बोटाने हलकेच दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तेथून कोपराच्या दिशेने शीर पुसत त्या गाठीच्या पुढे न्या आणि दुसरे बोट उचला. गाठीच्या वर शीर भरलेली दिसेल, पण गाठ आणि पहिले बोट यांमधला तुकडा रिकामाच राहील. वरचे रक्त झडपेने अडवले आहे. आता पहिले बोट उचला. खालून रक्त येऊन तो तुकडा क्षणात भरेल. चारशे वर्षे होत आली, तरी या प्रयोगाला बोटांखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही.

झडप बिघडली की

एखादी झडप कमजोर होऊन गळू लागली, तर तिच्या वरच्या रक्ताचा भार खालच्या तुकड्यावर पडतो. तो तुकडा फुगतो. फुगल्यामुळे त्याच्या खालच्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींपासून दूर होतात आणि तीही गळू लागते. अशी ही साखळी वरून खाली सरकत जाते. कातडीखालच्या शिरा जाड, निळ्या, वेड्यावाकड्या दिसू लागतात. शास्त्रीय भाषेत त्यांना ‘अपस्फीत नीला’ म्हणतात. लोक मात्र सरळ ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. काहींच्या घराण्यातच हा दोष असतो. बाळंतपणे, लठ्ठपणा आणि तासन्‌तास एका जागी उभे राहण्याची कामे यांनी तो वाढतो. न्हावी, इस्त्रीवाले, वाहतूक पोलीस आणि, शिक्षकमंडळींनो, फळ्यापुढे उभे राहणारे तुम्हीही त्यात आलात. पाय जड होतात, संध्याकाळी सुजतात. पुढे घोट्याजवळची कातडी काळसर पडते, कारण शिरेबाहेर झिरपलेल्या रक्तातले लोह तेथे साठते. आणखी दुर्लक्ष केले तर तेथे लवकर न भरणारी जखम होते. तेव्हा या आजाराकडे केवळ दिसण्याचा प्रश्न म्हणून पाहणे चूक आहे.

यावर घट्ट मोजे वापरतात, शस्त्रक्रियेने शीर काढून टाकतात किंवा लेसर अथवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करतात. आणखी एक उपाय म्हणजे शिरेत औषध टोचून ती बंद करणे. त्यासाठी पॉलिडोकॅनॉल नावाचे एक द्रव्य वापरतात. मुळात ते बधिरता आणणारे औषध म्हणून तयार झाले होते. गुणधर्माने ते साबणाच्या जातीचे आहे. शिरेच्या आतल्या नाजूक अस्तराच्या पेशी त्याने विरघळतात, भिंती सुजून एकमेकींना चिकटतात आणि काही महिन्यांत शिरेची बारीक दोरी होऊन जाते. मग पायाचे रक्त वर कसे जाणार, असे तुम्ही विचाराल. पायातले बहुतेक रक्त मुळातच खोल शिरांतून जाते. बिघडलेली वरची वाट बंद केली तर नुकसान काहीच होत नाही, उलट सुधारणाच होते.

औषध पातळ द्रवाच्या रूपात टोचले तर रक्तात मिसळून सौम्य होते. म्हणून डॉक्टर त्याचा फेस करतात. दोन पिचकाऱ्या एका तीन तोंडांच्या तोटीला जोडायच्या, एक भाग औषध आणि चार भाग हवा घेऊन ते मिश्रण या पिचकारीतून त्या पिचकारीत वीसेक वेळा जोराने खेळवायचे, की दाढीच्या साबणासारखा दाट पांढरा फेस तयार होतो. ही सोपी युक्ती इटलीतील तेस्सारी या डॉक्टरांची. फेस शिरेतल्या रक्ताला पुढे सारतो आणि भिंतींना चिकटून बसतो. त्यामुळे थोड्या औषधात काम होते. भूल द्यावी लागत नाही आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो.

बहुतेक वेळा गोष्ट येथेच संपते. क्वचित मात्र ती पुढे चालू राहते.

छातीतले मडके

असे समजा की साठी ओलांडलेल्या एक बाई या उपचारासाठी आल्या आहेत. आधीच्या रात्री त्यांना काळजीने झोप लागलेली नाही. फेस टोचून झाला, पायाला पट्टी बांधली आणि थोड्याच वेळात त्यांच्या छातीत दुखू लागले, श्वास अपुरा पडू लागला, घाम फुटला. डॉक्टरांनी लगेच कार्डिओग्रॅम काढला. त्यात हृदयविकाराच्या झटक्यात दिसतात तसेच बदल होते. रक्त तपासले, त्यातही ट्रोपोनिन नावाचे प्रथिन वाढलेले निघाले. हे प्रथिन हृदयाच्या स्नायूपेशींत असते आणि त्यांना इजा झाली की रक्तात उतरते. म्हणजे झटकाच, यात शंका घेण्याचे कारण नाही.

हृदयविकाराचा झटका म्हणजे काय, हे येथे आठवले पाहिजे. हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागते. ते त्याला त्याच्या अंगावरून जाणाऱ्या करोनरी रोहिण्यांतून मिळते. त्यांपैकी एखादी गुठळीने बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. म्हणून डॉक्टर या बाईंच्या रोहिणीत बारीक नळी घालून, क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून कोणती रोहिणी बंद आहे ते पाहतात. आणि येथे सारे चकित होतात. रोहिण्या मोकळ्या आहेत! रक्त नीट वाहते आहे आणि तरीही स्नायू चालत नाही.

मग तेच द्रव्य हृदयाच्या डाव्या जवनिकेत, म्हणजे निलयात, सोडून तिची हालचाल पाहिली जाते. निरोगी जवनिका आकुंचन पावताना शंकूसारखी लहान होते. येथे तिचा वरचा, महारोहिणीजवळचा भाग जोराने आवळतो आहे, पण खालचा सारा भाग आणि टोक फुग्यासारखे तसेच पसरलेले आहे. वर अरुंद गळा, खाली गोल पोट.

असे चित्र जपानमधील हिरोशिमा येथे डॉ. हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले आणि १९९० मध्ये त्यावर लिहिले. ते पाहून त्यांना आठवले ते कोळ्यांचे ‘ताकोत्सुबो’. ‘ताको’ म्हणजे ऑक्टोपस, आपला अष्टपाद, आणि ‘त्सुबो’ म्हणजे मडके. जपानचे कोळी ही अरुंद गळ्याची मडकी दोरीला बांधून समुद्राच्या तळाशी सोडून ठेवतात. त्यांत आमिष नसते आणि त्यांना दारही नसते. अष्टपादाला लपायला अंधारी कपार आवडते, म्हणून तो आपणहून आत शिरून बसतो. कोळी सावकाश दोरी ओढून घेतो. त्या मडक्याचे नाव या आजाराला मिळाले आणि आता जगभरचे डॉक्टर तेच वापरतात. वैद्यकातली लॅटिन आणि ग्रीक नावे पाठ करून कंटाळलेल्यांना हे नाव सुखाचे वाटावे.

मडके झालेले हृदय किती काम करते? निरोगी डाव्या जवनिकेत सुमारे १२० मिलिलिटर रक्त भरते आणि एका ठोक्यात त्यातले ७० मिलिलिटर बाहेर पडते, म्हणजे शेकडा ५८. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर झाले. या आजारात हा शेकडा आकडा चाळिशीपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. ३५ धरा. १२० चे शेकडा ३५ म्हणजे ४२ मिलिलिटर. तेवढ्याच ठोक्यांत आता मिनिटाला जेमतेम तीन लिटर रक्त निघते. मागे उरलेल्या रक्ताचा ताण फुप्फुसांवर पडतो आणि दम लागतो. बाईंची तक्रार खोटी नव्हती, हे या हिशेबावरूनच कळेल.

दोषी कोण?

अपराधी शोधण्यासाठी आपल्याला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी असतात. त्यांच्यातील संप्रेरक न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने १९०१ मध्ये शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळवले. तेच ॲड्रेनॅलिन. पुढे १९११ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी एक प्रयोग केला. मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि घाबरलेल्या मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीकडून येणारे रक्त घेतले. आतड्याच्या स्नायूची एक पट्टी त्या रक्तात बुडवली तेव्हा ती सैल पडली. शांत मांजराच्या रक्ताने तसे होत नव्हते. ॲड्रेनॅलिन आतड्याचा स्नायू सैल करते हे ठाऊक होतेच. तेव्हा भीतीने रक्तात ॲड्रेनॅलिन उतरते, हे एका पट्टीने सिद्ध केले.

ॲड्रेनॅलिन हा शत्रू नव्हे. संकटात ‘लढा किंवा पळा’ असा हुकूम ते साऱ्या शरीराला देते. ठोके वाढतात, यकृत साखर सोडते, स्नायूंना रक्त अधिक मिळते. वार्षिक परीक्षेच्या पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिका हातात येण्यापूर्वी स्वतःची नाडी मोजून पाहा, म्हणजे पटेल. प्रश्न आहे तो मात्रेचा. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी २००५ मध्ये अशा १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या रक्तातील ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या भाऊबंदांचे प्रमाण निरोगी माणसाच्या ७ ते ३४ पट होते. खऱ्या, गंभीर हृदयविकाराच्या झटक्याने आलेल्या रुग्णांपेक्षाही ते दोन-तीन पट अधिक होते. त्या १९ जणांना बसलेले धक्के वाचण्यासारखे आहेत. कोणाचे जवळचे माणूस गेले होते, कोणाला सभेत भाषण करायचे होते, आणि एकीला तर मित्रमंडळींनी न सांगता मेजवानी देऊन चकित केले होते.

ॲड्रेनॅलिनवरचा आरोप केवळ या एका अभ्यासावर उभा नाही. अधिवृक्क ग्रंथीत ॲड्रेनॅलिन ओतणारी गाठ झाली, तरी काही रुग्णांत हृदयाचे असेच मडके होते. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन चुकून जास्त दिले गेले, तरी होते. मेंदूभोवती एकाएकी रक्तस्राव झाला की अनुकंपी चेतातंतू खवळतात, तेव्हाही होते. मनाला काही धक्का न बसता केवळ हे रसायन वाढले तरी तोच परिणाम दिसतो, म्हणून पुरावा बळकट.

पण संप्रेरक तर रक्तातून साऱ्या हृदयाला सारखेच मिळते. मग टोकच लुळे का पडते आणि वरचा भाग का नाही? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर प्रश्न हा आहे. स्नायूपेशीच्या पृष्ठभागावर ॲड्रेनॅलिन पकडणारे ग्राही असतात. किल्ली कुलपात बसावी तसे ॲड्रेनॅलिन त्यांत बसते आणि पेशीला ‘जोराने आवळ’ असा निरोप आत जातो. असे ग्राही हृदयाच्या टोकाकडे अधिक असतात. म्हणजे टोकाला हुकूम अधिक मोठ्याने ऐकू येतो. मग ते जास्त जोराने चालायला हवे होते! येथे लंडनच्या संशोधकांनी एक उपपत्ती मांडली. ॲड्रेनॅलिन फारच वाढले की त्यांतील एका प्रकारचे ग्राही आपला निरोप उलटा करतात. ‘आवळ’ ऐवजी ‘थांब’ असे सांगू लागतात. विजेचा दाब वाढला की घरातला फ्यूज उडतो आणि दिवे जातात, पण तारा वाचतात. तसाच काहीसा हा प्रकार. पेशी बंद पडते, पण जळून जात नाही. २०१२ मध्ये त्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत ॲड्रेनॅलिनची मोठी मात्रा एकदम दिली तेव्हा हृदयाचे टोक मंदावले आणि वरचा भाग चालत राहिला. काही वेळाने टोक पुन्हा पूर्ववत झाले. ताकोत्सुबोचे रुग्ण दिवसांत किंवा आठवड्यांत बरे कसे होतात, हेही या उपपत्तीने समजते. याखेरीज हृदयातल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या आकसणे हाही कारणाचा एक भाग मानला जातो.

पुन्हा पायाकडे

आता त्या बाईंकडे वळू. त्यांच्या बाबतीत ॲड्रेनॅलिन वाढवणारे कोण? संशयित एकाहून अधिक आहेत. पहिली सुईची आणि उपचाराची भीती, रात्रभराचे जागरण. दुसरी वेदना. तिसरा स्वतः फेस. पायात टोचलेल्या फेसाचे काही बुडबुडे थोड्याच वेळात हृदयाच्या उजव्या बाजूला पोचलेले ध्वनिलहरींच्या चित्रात, ज्याला ‘इको’ म्हणतात त्यात, दिसतात. ते सहसा फुप्फुसात अडतात आणि विरतात. शिवाय जखमी अस्तरातून रक्तवाहिन्या आकसणारी द्रव्ये रक्तात येत असावीत, असाही तर्क आहे. उष्णतेने शीर बंद करण्याच्या पद्धतीत चौथा संशयितही असतो. तेथे पाय बधिर करण्याच्या औषधात पुष्कळदा थोडे ॲड्रेनॅलिनच मिसळलेले असते, म्हणजे रक्तवाहिन्या आकसून औषध जागच्या जागी राहते. एकाच रुग्णात यांतले दोन-तीन एकत्र आले तर नेमका वाटा कोणाचा, हे ठरवता येत नाही. असे प्रसंग मोजके असल्यामुळे ते एकमेकांशी ताडून पाहणेही अवघड जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा आजार फक्त हळव्या मनाच्या माणसांना होतो, असे पुष्कळांना वाटते. वर्तमानपत्रे त्याला ‘भग्नहृदय’ म्हणतात, त्यामुळे हा समज वाढतो. युरोप आणि अमेरिकेतील २६ रुग्णालयांनी १७५० रुग्णांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत शेकडा ३६ जणांना शारीरिक कारण घडले होते, म्हणजे शस्त्रक्रिया, दम्याचा झटका, अपघात असे काही. मानसिक धक्का शेकडा २८ जणांना होता. शेकडा ८ जणांना दोन्ही, आणि उरलेल्या शेकडा २८ किंवा २९ जणांना कोणतेच कारण सापडले नाही. म्हणजे मनाच्या धक्क्यापेक्षा शरीराचाच धक्का अधिक वेळा. या रुग्णांत शेकडा ९० स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६६ होते. पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि त्याचे हृदयाला मिळणारे संरक्षण कमी होते, असे याचे कारण सांगितले जाते. धक्का साऱ्या गावाला बसला तर काय होते, तेही जपानने पाहिले आहे. २३ ऑक्टोबर २००४ रोजी निगाता प्रांतात मोठा भूकंप झाला. त्यानंतरच्या दिवसांत तेथील रुग्णालयांत ताकोत्सुबोचे रुग्ण नेहमीपेक्षा बरेच वाढले.

उपचार म्हणाल तर या आजारावर असे एखादे खास औषध नाही. रुग्णाला काही दिवस नजरेखाली ठेवतात. हृदयाचा ताल बिघडतो का, लुळ्या टोकात साचलेल्या रक्ताची गुठळी होते का, फुप्फुसात पाणी भरते का, हे पाहतात आणि त्याप्रमाणे औषधे देतात. एक ठिकाण मात्र फसवे आहे. हृदय दुबळे दिसले आणि रक्तदाब उतरला की एरवी ॲड्रेनॅलिनसारखी औषधे देण्याची रीत आहे. येथे ती दिली तर आगीत तेल. जोराने आवळणारा वरचा भाग आणखी आवळतो आणि रक्ताची बाहेरची वाटच अडवतो. म्हणून मडके ओळखणे ही नुसती नाव देण्याची हौस नाही, रुग्णाचा जीव त्यावर अवलंबून असतो. आणि हा आजार अगदी निरुपद्रवी आहे असेही नाही. रुग्णालयात आलेल्या शंभरांपैकी सुमारे चार जण दगावतात.

म्हणूनच घरच्या माणसांनी निदान करायच्या भानगडीत पडू नये. छातीत दुखणे आणि दम लागणे ही लक्षणे खऱ्या झटक्यात आणि ताकोत्सुबोत सारखीच असतात. रोहिण्या पाहिल्याशिवाय डॉक्टरांनाही फरक सांगता येत नाही. ‘काही नाही हो, मावशी घाबरल्यात, जरा पाणी द्या’ असे म्हणून तास घालवणे धोक्याचे आहे. खरा झटका असेल तर तासाभरात स्नायू मरतो, आणि घाबरण्यामुळेच झाले असेल तरी काय होऊ शकते ते आपण आत्ताच पाहिले. अशा वेळी महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. हा क्रमांक घरातल्या लहानांनाही पाठ असावा.

आपल्या बाईंचे पुढे काय? असे समजू की त्या नशीबवान होत्या. काही दिवसांनी दम कमी झाला. महिन्याने पुन्हा इको काढला तेव्हा मडके नाहीसे झाले होते आणि जवनिका पुन्हा शंकूसारखी आवळत होती. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर ती एकाच बाईंच्या हृदयाची आहेत हे सांगूनही खरे वाटू नये. पायाची ती शीरही बंद झाली, म्हणजे मूळ उपचार यशस्वीच झाला.

पण त्यांच्या दुसऱ्या पायाच्याही शिरा फुगलेल्या आहेत. आता त्यावर उपचार करायचा का? काही थोड्या रुग्णांत ताकोत्सुबो पुन्हा होतो. दुसरीकडे, शिरा तशाच सोडल्या तर घोट्याजवळ जखम होण्याची भीती. डॉक्टर बहुधा आधी घट्ट मोजे आणि चालण्याचा व्यायाम यांवर भर देतील. अगदीच गरज पडली तर दुसरी पद्धत, कमी मात्रा, जवळ हृदय तपासण्याची सोय आणि रुग्णाशी आधी निवांत बोलणे, अशी तयारी करून मगच हात घालतील. या यादीतले शेवटचे कलम शिष्टाचाराचे वाटेल. मांजर, कुत्रा आणि आतड्याची ती पट्टी आठवा. रक्तातल्या ॲड्रेनॅलिनच्या हिशेबात तेही औषधाच्या रकान्यात धरावे लागते.